युरोपीय महासंघात येऊ पाहणाऱ्या देशांना मिळणारी आर्थिक मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्बिया, अल्बानिया, युक्रेन यांच्या बातम्यांत 'ब्रसेल्सने (म्हणजे महासंघाने; त्याचं मुख्यालय तिथे आहे) इतके कोटी युरो मंजूर केले' किंवा 'हप्ता रोखला' अशी वाक्यं येतात, पण हा पैसा नेमका कसला आणि तो का रोखला, हे बातमीत क्वचितच सापडतं. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि परराष्ट्र पान नेमाने वाचणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. रकमा कोटी युरोंत आहेत. 100 कोटी म्हणजे एक अब्ज.

सदस्य झाल्यावर पैसे मिळतातच. मग आधी कशाला?

सदस्य व्हायचं तर महासंघाचा सगळा कायदा आपल्या देशात लागू करावा लागतो. तो वाटाघाटींच्या सोयीसाठी 35 अध्यायांत विभागला आहे. त्यात न्यायालयं, सरकारी खरेदी, सीमाशुल्क, सांडपाणी, कत्तलखान्यांची स्वच्छता, आकडेवारी गोळा करण्याची पद्धत, असं सगळं येतं. संसदेत कायदा मंजूर करणं हा त्यातला सोपा भाग. तो राबवायला प्रयोगशाळा लागतात, निरीक्षक लागतात, संगणकप्रणाली लागते आणि लाच न घेता काम करणारं कार्यालय लागतं. गरीब देशाच्या तिजोरीला हे झेपत नाही.

दुसरं कारण महत्त्वाचं आहे आणि त्याकडे फारसं लक्ष जात नाही. सदस्य झाल्यावर कितीतरी पट मोठा निधी येतो. तो नियमाने खर्च करायची सवय देशाला आधीच लागावी, म्हणून ही रंगीत तालीम असते. माझ्या मते या मदतीची खरी किंमत रकमेत नाही, या तालमीत आहे. शेवटी सदस्यत्व मिळेल असा भरवसा असेल तोवरच ही तालीम मनापासून होते.

सध्या रांगेत कोण कोण आहेत?

अल्बानिया, बोस्निया-हर्जेगोविना, जॉर्जिया, माँटेनिग्रो, मोल्दोवा, उत्तर मॅसिडोनिया, सर्बिया, तुर्कस्तान आणि युक्रेन हे नऊ उमेदवार देश. कोसोवोने डिसेंबर 2022 मध्ये अर्ज केला आहे, पण महासंघातल्या पाच देशांनी त्याला स्वतंत्र देश म्हणून मान्यताच दिलेली नाही, त्यामुळे तो 'संभाव्य उमेदवार' या खान्यात आहे. तुर्कस्तान 1999 पासून उमेदवार आहे. त्याच्या वाटाघाटी 2018 पासून ठप्प आहेत.

ही पद्धत सुरू कधी झाली?

1989 च्या डिसेंबरात. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी कोसळत होत्या आणि पोलंड व हंगेरी यांची अर्थव्यवस्था सावरण्यासाठी 'फारे' नावाचा कार्यक्रम काढला गेला. त्या वेळी सदस्यत्वाचा विषयही नव्हता. पुढे त्यात आणखी देश आले. 1993 साली कोपनहेगनच्या शिखर परिषदेत सदस्यत्वाचे निकष ठरले आणि हाच कार्यक्रम सदस्यत्वाच्या तयारीकडे वळवला गेला. 2000 पासून त्याच्या जोडीला दोन नवे निधी आले : रस्ते, रेल्वे व पर्यावरणासाठी 'इस्पा' आणि शेतीसाठी 'सापार्ड'. 1999 च्या किमतींनुसार फारेला वर्षाला 156 कोटी, इस्पाला 104 कोटी आणि सापार्डला 52 कोटी युरो ठरले होते.

त्या काळातलं एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. लिथुआनियातल्या इग्नालिना अणुवीज केंद्रात चेर्नोबिलच्याच जातीच्या अणुभट्ट्या होत्या. त्या बंद करा, ही सदस्यत्वाची अट होती. पण देशाची बरीचशी वीज तिथूनच यायची! म्हणून अट घालणाऱ्यानेच बंद करण्याच्या खर्चाला हातभार लावला. पहिली अणुभट्टी 2004 च्या अखेरीस थांबली, दुसरी 2009 च्या 31 डिसेंबरला. बल्गेरियातलं कोझलोदुय आणि स्लोव्हाकियातलं बोहुनित्से यांच्या जुन्या अणुभट्ट्यांबाबतही असंच झालं.

2007 मध्ये हे सगळे वेगवेगळे निधी एकत्र करून एकच 'सदस्यत्वपूर्व साहाय्य निधी' काढला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'आयपीए' म्हणतात.

आत्ता किती पैसा दिला जातो?

आयपीएची तिसरी फेरी 2021 ते 2027 अशी आहे आणि तिची रक्कम सुमारे 1,416 कोटी युरो. ऐकायला मोठी वाटते, पण महासंघाच्या या सात वर्षांच्या एकूण अंदाजपत्रकात ती एक टक्क्याहून जेमतेम जास्त भरते.

याशिवाय तीन मोठ्या 'सुविधा', म्हणजे ठरावीक देशांसाठीच्या मदतीच्या योजना, अलीकडे आल्या. युक्रेनसाठी 2024 ते 2027 या काळात 5,000 कोटी युरो. पश्चिम बाल्कनमधल्या सहा देशांसाठी (अल्बानिया, बोस्निया-हर्जेगोविना, कोसोवो, माँटेनिग्रो, उत्तर मॅसिडोनिया, सर्बिया) 600 कोटी. मोल्दोवासाठी जवळपास 190 कोटी. एक बारकावा लक्षात ठेवा, परीक्षेत इथे हमखास चूक होते : युक्रेन, मोल्दोवा आणि जॉर्जिया आयपीएत नाहीत. ते उमेदवार झाले 2022 मध्ये किंवा त्यानंतर, आणि त्यांना आधीपासून शेजारी देशांसाठीच्या वेगळ्या निधीतून मदत मिळत होती.

हे अनुदान असतं की कर्ज?

आयपीए मुख्यतः अनुदान आहे, परत करायचं नाही. नव्या सुविधांत मात्र कर्जाचा वाटा मोठा आहे. युक्रेनच्या 5,000 कोटींपैकी 3,300 कोटी कर्ज आहे, बाल्कनच्या 600 पैकी 400 कोटी. व्याज कमी, मुदत लांब, पण कर्ज ते कर्ज. बातमीत 'मदत' हा शब्द दिसला की आधी ही फोड तपासा.

पैसे थेट त्या देशाच्या सरकारी खात्यात पडतात का?

आयपीएत बहुतेक वेळा नाही. काही प्रकल्पांच्या निविदा युरोपीय आयोगच, म्हणजे महासंघाचा कारभार पाहणारी संस्थाच, काढते. काही कामं जागतिक बँक किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत होतात. एखाद्या देशाची यंत्रणा तपासून 'यांना जमेल' असं पटलं तरच निविदा काढणं, करार करणं आणि बिलं चुकती करणं त्या देशाकडे सोपवलं जातं. त्यासाठी अर्थ मंत्रालयात वेगळा अधिकारी आणि वेगळा विभाग लागतो, शिवाय स्वतंत्र लेखापरीक्षण लागतंच. हे सोपवलेलं काम परत काढूनही घेता येतं.

नव्या सुविधांचा हिशेब निराळा आहे. तिथे देश आधी सुधारणांची यादी देतो, प्रत्येक सुधारणेपुढे मुदत आणि रक्कम लिहिलेली असते, आणि काम झालं की हप्ता सुटतो. युक्रेनसाठी दर तिमाहीला, बाल्कनसाठी वर्षातून दोनदा. बाल्कनच्या देशांना सुरुवातीला सात टक्के उचल मिळते. आपल्याकडे मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय ग्रामपंचायतीला पुढचा हप्ता मिळत नाही, हे सरपंचांना पाठ असतं. इथे फरक एवढाच, की पैसे कुठे खर्चले यापेक्षा कायदा बदलला का, नेमणूक झाली का, हे तपासलं जातं. वाढवून दिलेल्या मुदतीतही काम झालं नाही, तर त्या वाट्याचे पैसे शेजारच्या देशाकडे वळवता येतात. शेजाऱ्यांमधली चुरस पाहता हा नियम फार हुशारीने केलेला आहे.

सामान्य माणसापर्यंत यातलं काय पोचतं? एखाद्या शेतकऱ्याचं उदाहरण द्याल का?

आयपीएचा ग्रामीण विकासाचा भाग 'इपार्ड' या नावाने ओळखला जातो, आणि सर्बिया, उत्तर मॅसिडोनिया, अल्बानिया, माँटेनिग्रो, तुर्कस्तान इथल्या शेतकऱ्यांना 'ब्रसेल्सचा पैसा' म्हणजे हाच.

समजा, सर्बियातल्या एका गावात वीस-पंचवीस गायींचा गोठा आहे. मालकाला दूध थंड ठेवायची टाकी आणि दूध काढायचं यंत्र घ्यायचंय. तो आधी आराखडा करतो. जमीन, जनावरांची नोंदणी, कर भरल्याचे दाखले, बांधकामाचा परवाना जोडतो. मोठ्या खरेदीसाठी तीन ठिकाणची दरपत्रकं लागतात, आणि ती एकाच मेहुण्याच्या तीन दुकानांतली चालत नाहीत. कृषी खात्याची पैसे देणारी यंत्रणा कागद तपासते, माणूस गोठ्यावर येऊन पाहून जातो आणि मग करार होतो. त्यानंतर मालकाने स्वतःच्या खिशातून टाकी विकत घ्यायची, बसवायची, बिलं द्यायची. पुन्हा तपासणी. गोठा महासंघाच्या स्वच्छतेच्या आणि प्राणिकल्याणाच्या निकषांत बसला तरच मान्य खर्चाच्या साधारण साठ टक्के रक्कम परत मिळते. त्यातला तीन चतुर्थांश वाटा महासंघाचा, उरलेला देशाच्या तिजोरीतला. पुढची पाच वर्षं ती टाकी विकायची नाही, गोठ्याचा वापर बदलायचा नाही.

म्हणजे आधी खर्च, मग परतावा. गोम इथेच आहे. ज्याच्याकडे भांडवल आहे किंवा ज्याला बँक उभी करते, त्यालाच हे जमतं. चार गायींच्या घराला नाही. जुन्या सापार्डबद्दलही हीच तक्रार होती. शिवाय तो 2000 मध्ये सुरू झाला, पण देशोदेशीच्या यंत्रणांना मान्यता मिळून पैसे शेतकऱ्यांपर्यंत पोचायला 2001-02 उजाडलं.

'ट्विनिंग' म्हणजे काय?

सदस्य देशातला सरकारी अधिकारी उमेदवार देशातल्या समकक्ष खात्यात जाऊन बसतो. सल्लागार कंपनीचा माणूस नव्हे, खरोखर त्या खात्यात नोकरी करणारा : ऑस्ट्रियाचा सीमाशुल्क अधिकारी, लिथुआनियाचा अन्नसुरक्षा निरीक्षक. किमान वर्षभर त्याचं टेबल तिथेच. ही योजना 1998 ची आहे. 2004 मध्ये सदस्य झालेल्या देशांचे अधिकारी आता शिकवायला जातात, आणि वीस वर्षांपूर्वी ते स्वतः याच अडचणींतून गेलेले असल्यामुळे त्यांचं म्हणणं लवकर पटतं. कमी खर्चाची आणि बातमीत कधीच न येणारी ही योजना मला सगळ्यांत उपयोगी वाटते.

अटी पाळल्या नाहीत तर खरंच पैसे थांबतात?

थांबतात. बल्गेरियाचं प्रकरण सगळ्यांत बोलकं. हा देश 1 जानेवारी 2007 ला सदस्य झाला, पण सदस्यत्वपूर्व निधीतले जुने प्रकल्प चालूच होते. गैरव्यवहार आणि हितसंबंधांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की 2008 च्या जुलैत आयोगाने कडक अहवाल देऊन कोट्यवधी युरो गोठवले. फारेचे पैसे हाताळणाऱ्या दोन सरकारी यंत्रणांची मान्यता काढून घेतली. नोव्हेंबरपर्यंत ती परत मिळाली नाही आणि 22 कोटी युरो कायमचे गेले. ते कंत्राटदारांच्या खिशातून गेले नाहीत, देशाच्या वाट्यातून गेले, हे इथे सांगायला हवं.

अलीकडचं उदाहरण युक्रेनचं. युद्ध चालू असतानाही 2025 च्या उन्हाळ्यात ठरलेल्या सुधारणांपैकी काही वेळेत न झाल्यामुळे त्याचा तिमाही हप्ता कापला गेला. कोसोवोवर 2023 मध्ये उत्तरेकडच्या तणावानंतर निधी रोखण्यासारखे निर्बंध आले. जॉर्जियाची तऱ्हा वेगळी : परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांबद्दलच्या 2024 च्या कायद्यानंतर महासंघाने त्याची सदस्यत्वाची प्रक्रिया प्रत्यक्षात थांबवली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या सरकारनेच जाहीर केलं, की 2028 संपेपर्यंत वाटाघाटींचा विषय नको आणि तुमची अंदाजपत्रकी अनुदानंही नकोत. त्यावर तिबिलिसीच्या रस्त्यांवर लोक उतरले.

इतकी वर्षं पैसा ओतून सुधारणा झाल्या का?

सरळ उत्तर द्यायचं तर पाणी, रस्ते, प्रयोगशाळा, सीमाचौक्या यांत झाल्या. न्यायव्यवस्था, माध्यमस्वातंत्र्य आणि भ्रष्टाचार यांत फार कमी.

हे मी म्हणत नाही, लक्झेंबर्गमधलं महासंघाचंच लेखापरीक्षक न्यायालय (नावात न्यायालय असलं तरी ही हिशेब तपासणारी संस्था) म्हणतं. तुर्कस्तानसाठी 2007 ते 2020 या काळात 900 कोटींहून जास्त युरो ठेवले होते. 2018 च्या अहवालात लेखापरीक्षकांनी लिहिलं, की या मदतीचा परिणाम मर्यादितच आहे आणि कायद्याचं राज्य, पत्रकारांचं स्वातंत्र्य या ज्या बाबींना सर्वाधिक गरज होती, तिथे पैसा पुरेसा पोचलाच नाही. पश्चिम बाल्कनमध्ये 2014 ते 2020 दरम्यान कायद्याच्या राज्यासाठी सुमारे 70 कोटी युरो दिले गेले; 2022 च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की मूळ दुखणी कायम आहेत.

कारण शोधायला लांब जायला नको. गोठ्याला टाकी बसवली तर कुणाचं काही जात नाही. स्वतंत्र सरकारी वकील नेमला तर सत्ताधाऱ्यांचंच जातं. त्यांनी ते दुखणं का ओढवून घ्यावं? चार-सहा वर्षांत सदस्यत्व मिळणार आणि त्याचं श्रेय आपल्याला मिळणार, असं दिसलं तर घेतील. पोलंड, एस्टोनिया, स्लोव्हेनिया यांना 2004 चं दार दिसत होतं. उत्तर मॅसिडोनियाचं बघा. ग्रीसचा आक्षेप दूर करायला 2018 च्या करारानुसार त्याने देशाचं नाव बदललं. 2019 मध्ये फ्रान्सने अडवलं, 2020 मध्ये बल्गेरियाने. 2022 मध्ये वाटाघाटी औपचारिकपणे सुरू झाल्या, तर पुढे राज्यघटना बदलायची अट उभी. निधी सगळा काळ येतच होता, उत्साह आटला. सर्बियाने 2014 पासून 35 पैकी 22 अध्याय उघडले, म्हणजे त्यांवर वाटाघाटी सुरू केल्या, आणि बंद, म्हणजे पूर्ण, झाले फक्त दोन.

उलट बाजूही आहे. अल्बानियाने 2016 मध्ये घटना बदलून प्रत्येक न्यायाधीश आणि सरकारी वकिलाची मालमत्ता तपासायला घेतली. महासंघाच्या पैशावर आलेले परदेशी निरीक्षक त्या प्रक्रियेवर लक्ष ठेवून होते. कित्येक न्यायाधीशांना मालमत्तेचा हिशेब देता आला नाही, काहींनी तपासणीआधीच राजीनामे दिले. काही काळ तर वरच्या न्यायालयांत माणसंच उरली नव्हती आणि खटल्यांचे ढीग साचले. पण त्यातूनच उभ्या राहिलेल्या विशेष अभियोग यंत्रणेने पुढे माजी राष्ट्राध्यक्ष आणि राजधानीच्या महापौरापर्यंत हात घातला. बाल्कनमध्ये हे नवलच.

चीनचं कर्ज बिनअटींचं मिळतं. मग हा जाच कशाला?

माँटेनिग्रोने तसंच केलं. 2014 मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून डॉलरमध्ये कर्ज काढून डोंगरातून महामार्ग सुरू केला. 41 किलोमीटरचा पहिला टप्पा 2022 च्या जुलैत खुला झाला. त्याआधीच, 2021 मध्ये, फेडीसाठी महासंघाकडे मदत मागायची वेळ आली. उत्तर मिळालं : दुसऱ्याची कर्जं आम्ही फेडत नाही. तरीही चिनी कर्जाचं आकर्षण समजण्यासारखं आहे. महासंघाच्या निविदेला लागणाऱ्या वेळेत निवडणूक येऊन जाते.

हा पैसा भरतं कोण? सदस्य देश कुरकुर करत नाहीत?

सदस्य देशांची वर्गणी आणि सीमाशुल्क यांतून. कुरकुर असतेच. बहुवार्षिक अंदाजपत्रक एकमताने मंजूर व्हावं लागतं, त्यामुळे एकटा देशही अडवू शकतो. युक्रेनचे 5,000 कोटी हंगेरीने डिसेंबर 2023 मध्ये अडवले होते. 1 फेब्रुवारी 2024 ला ते सुटले.

सदस्य झाल्यावर फरक किती पडतो?

क्रोएशिया पाहा. 1 जुलै 2013 ला तो सदस्य झाला. त्याआधी आयपीएतून वर्षाला साधारण 15 कोटी युरो मिळायचे. 2014 ते 2020 या सात वर्षांसाठी त्याच्या वाट्याला सुमारे 1,070 कोटी आले, म्हणजे वर्षाकाठी दहापट. पेल्येशाट्सचा समुद्रावरचा पूल, जो 2022 च्या जुलैत सुरू झाला, त्या एकट्याला महासंघाने 35.7 कोटी युरो दिले. आयपीएची दोन वर्षांची सगळी रक्कम एकाच पुलाला! तो बांधला मात्र चिनी कंपनीने, रीतसर निविदा जिंकून.

एखादा देश मधूनच मागे फिरला तर?

वापरलेले पैसे परत मागत नाहीत, पुढचे थांबतात. आइसलँडने बँका बुडाल्यानंतर 2009 मध्ये अर्ज केला, 2013 मध्ये नव्या सरकारने वाटाघाटी थांबवल्या आणि त्याच वर्षअखेरीस आयोगाने निधी बंद केला.

भारतासारख्या देशाला यातून काही मिळू शकतं का?

नाही. महासंघाच्या करारातल्या 49 व्या कलमानुसार अर्ज फक्त युरोपीय देशाला करता येतो. मोरोक्कोने 1987 मध्ये करून पाहिला, नकार आला. पण बाल्कनमधल्या रेल्वे आणि सांडपाणी प्रकल्पांना या अनुदानाच्या जोडीने कर्ज देणारी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक महाराष्ट्रात ओळखीची आहे : पुणे मेट्रोला तिनेच कर्ज दिलं. ते कर्ज सदस्यत्वाशी संबंधित नाही.

इतर प्रादेशिक संघटनांत अशी सोय आहे?

इतक्या मोठ्या प्रमाणात कुठेच नाही. तिमोर-लेस्ते ऑक्टोबर 2025 मध्ये आसियानचा अकरावा सदस्य झाला. त्याला आधी कामांची यादी आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं, मोठा निधी नाही. सार्कमध्ये हा विषयच नाही.

2027 नंतर काय?

जुलै 2025 मध्ये आयोगाने 2028 ते 2034 च्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव मांडला. त्यात आयपीए वेगळा न ठेवता 'ग्लोबल युरोप' या एकाच मोठ्या निधीत घालायचा विचार आहे. लवचीकता वाढेल हे खरं. पण उमेदवार देशांसाठी राखून ठेवलेला पैसा उद्या दुसऱ्या कुठल्या संकटाकडे वळणार नाही ना, ही शंका बाल्कनमधून आत्ताच व्यक्त होते आहे. माँटेनिग्रोला 2028 मध्येच आत यायचंय. तसं झालं तर त्याच्यापुरता हा प्रश्न उरणार नाही, आणि त्याच्या वाट्याचा हिशेब थेट सदस्यांच्या रकान्यात करावा लागेल.